तोंड मिटलेलं भांडं

व्हिएतनाममधल्या एका बाजारगावी तुयेतआजी वडाखाली विड्याची पानं विकायची. तिच्याकडे चुन्याचं एक मातीचं भांडं होतं, हिरव्या झिलईचं, सासूच्या काळातलं. चुना काढला की काडी काठाला पुसायची सवय. तो थर वाळून वाढत गेला आणि एक दिवस भांड्याचं तोंड पार बुजलं. तिकडच्या रीतीप्रमाणे आजीने ते फेकलं नाही, वडाच्या फांदीला टांगलं. येणारेजाणारे त्याला हात जोडू लागले.

अशातच नवा सुभेदार बाजार पाहायला आला. फुकटची मासळी, फुकटची केळी उचलत तो वडापाशी पोचला आणि भडकला.

“आम्ही समोर उभे असताना या मडक्याला नमस्कार? म्हातारे, याचा मान आमच्याहून मोठा कसा ते सांग. नाहीतर उद्या इथे तुझं दुकान दिसता कामा नये!”

याच दुकानावर आजीची चूल पेटत होती.

“मोठा कुठला, सरकार,” ती हात पुसत म्हणाली. “यानेही जन्मभर खाल्लंच की! खात होतं तोवर कुणी हात जोडले नाहीत. आता तोंड बंद झालंय, म्हणून जोडतो. आपलं बंद झालं की आपल्यालाही जोडू.”

सुभेदाराने बोलायला तोंड उघडलं, पण काही सुचेना, म्हणून मिटलं.

त्याबरोबर मासळीवालीने लगबगीने हात जोडले. मग केळीवाल्याने, मग अख्ख्या बाजाराने. एवढ्या नमस्कारांपुढे रागवायचं तरी कसं? सुभेदार मासळी आणि केळी परत ठेवून निघून गेला, आणि आजीने पुढच्या गिऱ्हाइकाचा विडा लावायला घेतला.