टिटवीची झोप

त्या राज्यात घोडे पळण्यासाठी जन्मत, आणि प्रत्येक घोड्याच्या पाठीवर एक टिटवी राहत असे. ही हकिगत ज्या म्हाताऱ्या खेचराच्या आठवणीवर उभी आहे, त्याचा स्वतःच्या आठवणीवर फारसा भरवसा नव्हता. शर्यतीच्या सकाळी झुळूक नावाच्या घोडीनं आपल्याला आधी विचारलं, की तिनं विचारायच्या आतच आपण सांगून मोकळे झालो, हे त्याला पुढे कधीच नक्की ठरवता आलं नाही. बाकीचं मात्र समोर घडत असावं तसं त्याला दिसे.

घोड्यांना दुखणं असं वेगळं नव्हतं. टिटवीचं ओरडणं हेच त्यांचं दुखणं. पायाच्या हाडाला केसाएवढी चीर गेली की ती ओरडू लागे, आणि हाड सांधेपर्यंत घोडा ठाणावरून हलत नसे. तिचा आवाज कर्कश होता आणि ऐन शर्यतीच्या तोंडावर तो हमखास येई. घोडे तिला अपशकुनी म्हणत. पण तिच्यावाचून म्हातारा झालेला एकही घोडा त्या राज्यात नव्हता.

खेचर पागेचा वैद्य होता. पळायच्या कामाचा नव्हता म्हणून तो शिकला, आणि इतका शिकला की कुठलीही गोष्ट ठामपणे सांगणं त्याला जड जाऊ लागलं. त्यानंच डोंगरातून एक मुळी शोधून आणली होती. ती खाल्ली की पायाची सूज उतरे. तिचा अंश घोड्याच्या घामात येई आणि तो घाम टिपणारी टिटवी झोपी जाई. दुखणाइताला चार घटका शांतता मिळाली, बरंच झालं, असं खेचराला वाटलं.

पागेच्या लक्षात वेगळंच आलं. टिटवी झोपलेला घोडा थांबत नाही.

दोन हंगामांत मैदानावर अकरा घोडे मोडून पडले, तेव्हा नियम करायचं ठरलं आणि काम खेचराकडे आलं. त्यानं चाळीस घोड्यांना मुळी दिली आणि तळ्यातल्या जळवांकडून रोज त्यांचं रक्त चाखून घेतलं. सातव्या दिवसानंतर एकाही जळवेला मुळीची चव लागेना. तेव्हा शर्यतीआधी सात दिवस मुळी बंद, आणि शर्यतीच्या सकाळी जळवेची साक्ष, असा मसुदा झाला. फक्त दोन टिटव्या नवव्या दिवशीही पंखात चोच खुपसून बसलेल्या त्याला दिसल्या होत्या.

हे त्यानं पागेच्या नाईकाला, कुमेद नावाच्या घोड्याला, सांगितलं.

"किती टिटव्या म्हणालात?"

"दोन."

"आणि जळवा?"

"चाळीस. चाळीसही एकच सांगतात."

"मग चाळिसांचं लिहा की, वैद्यबुवा. टिटवी झोपलीय की नुसती रुसलीय, हे सभेत कोण सिद्ध करणार? तुम्ही?"

शेजारच्या ठाणावरचा एक तरणा घोडा फुरफुरला. "अहो, सूर्य उगवला का असं विचारा त्यांना. म्हणतील, बहुतेक."

"गप रे," कुमेद म्हणाला. "काही झालं तरी आजोळ आपलंच आहे त्यांचं."

सगळे हसले. खेचरही हसला, आणि त्या हसण्यात आपल्याच पाहण्यात चूक झाली असावी असं त्याला खरोखर वाटून गेलं. दोन टिटव्यांची ओळ नियमात आली नाही.

नियम सर्वांना आवडला. पूर्वी मुळी लपूनछपून दिली जाई. आता दिवस मोजून, उजळ माथ्यानं, आठ दिवस आधी सगळ्या पागेला दिली जाऊ लागली. ज्यांच्या टिटव्या ओरडत नव्हत्या त्यांनाही.

झुळूक तेव्हा ऐन भरात होती. हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत तीच जिंकणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्या सकाळी जळवेनं तिचं रक्त चाखलं आणि मान डोलावली. झुळूक खेचराकडे वळली.

"आजोबा, टिटवी गप्प आहे. पण हा उजवा पाय टेकला की कुणा दुसऱ्याचाच टेकल्यासारखा वाटतो. पळू ना?"

खेचरानं तिच्या पाठीकडे पाहिलं. टिटवीची चोच पंखात होती. मुळी देऊन आज आठवा दिवस, हे त्याच्या मनात आलं. त्या दोन टिटव्याही आठवल्या. तेवढ्यात मागं उभा असलेला कुमेद खाकरला.

"तुझं रक्त स्वच्छ आहे, पोरी," खेचर म्हणाला.

"म्हणजे पळू?"

"नियमाप्रमाणे काही हरकत नाही."

तिनं पायाबद्दल विचारलं होतं. कधी कधी त्याच्या आठवणीत रक्ताचं ते वाक्य तिच्या प्रश्नाच्याही आधी येतं.

शेवटच्या वळणावर झुळूक सर्वांच्या पुढे होती. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला, आणि त्यानंतरही ती दहाबारा ढांगा पळाली, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खेचर पोचला तेव्हा ती आडवी पडली होती आणि टिटवी तिच्या मानेवर झोपलेलीच होती.

"आजोबा," ती म्हणाली, "रक्त अजून स्वच्छ आहे ना?"

सूर्य कलायच्या आत ती गेली. चौकशीत जळवेनं पुन्हा रक्त चाखलं आणि पुन्हा मान डोलावली. दोषी कुणीच निघालं नाही. मग खेचर उठला आणि त्यानं त्या दोन टिटव्यांची गोष्ट सभेला सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही. मुळी कायमची बंद झाली. डोंगरावर होती तीसुद्धा उपटून जाळली. नियम इतका कडक पाळला गेला की शेजारची राज्यं तो पाहायला साधे घोडे नव्हे, आपापले नाईक पाठवू लागली. खेचर पागा सोडून डोंगरापायथ्याशी जाऊन राहिला. उशिरा का होईना, आपण बोललो, एवढंच त्याच्या गाठीला होतं.

कित्येक वर्षांनी कुमेदाचा निरोप आला आणि खेचर पुन्हा पागेत गेला. घोडे अजूनही मोडून पडत होते.

"कुणीतरी चोरून मुळी देतंय, वैद्यबुवा," कुमेद म्हणाला. तोही आता थकला होता. "जळवांना सापडत नाही एवढंच. तुम्ही शोधा."

खेचरानं सगळा डोंगर पालथा घातला. मुळीचं एक पानही उरलं नव्हतं. मग तो ठाणावर गेला. एका तरण्या घोड्याचा गुडघा सुजून तापला होता. त्याच्या पाठीवरची टिटवी टक्क जागी होती आणि त्या गुडघ्याकडेच पाहत होती. खेचरानं गुडघा खुरानं हलकेच दाबला. टिटवीनं चोच उघडली, तशीच उघडी ठेवून शेजारच्या पाठीवरच्या टिटवीकडे पाहिलं, आणि मिटून घेतली.

घाई नको म्हणून त्यानं आणखी सतरा टिटव्या तपासल्या. एकही झोपलेली नव्हती. सगळ्या मुळीच्या वर्षांत अंड्यातून बाहेर आल्या होत्या, आणि आपल्या आईला ओरडताना त्यांच्यातल्या एकीनंही कधी ऐकलं नव्हतं.