मल्लिनाथशेठच्या मस्टरवर सूर्याचा अंगठा

"सूर्याला आधी माझ्या केबिनमध्ये हजर करा! मस्टरवर स्वतःची खूण करू दे, मग त्याला कामावर घेतो!"

मल्लिनाथशेठ हुमनाबादे असे गरजले आणि इंजिनिअर तन्वीर बागवानांचा चेहरा पडला. शेठजींच्या सोलापुरात पाच गिरण्या. वीज गेली की पाचही ठिकाणी डिझेलचे जनरेटर धडधडत आणि धूर थेट कामगारांच्या वस्तीत शिरे. छपरांवर सौर पॅनल बसवा, असं बागवान वर्षभर सांगत होते. पण शेठजी हट्टाला पेटलेले!

"ज्याची हजेरी नाही, त्याच्यावर माझी गिरणी चालणार नाही!"

दाराशी चादरीचे नमुने घेऊन नरसम्मा इराबत्ती उभी होती. ती कापड तपासायच्या खात्यात होती. मोठं भिंग डोळ्याला लावून दिवसभर धागे मोजायची. त्या धुरानं तिची लेक महिनाभर खोकत होती.

"शेठजी, मी उद्या आणते त्याला!" ती म्हणाली.

"तू? आणि नाही जमलं तर?"

"तर पुन्हा गेटच्या आत पाय ठेवणार नाही."

बोलून गेली खरी, पण घरी ती हिशेब करत बसली. नोकरी गेली तर लेकीचं औषध कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती केबिनमध्ये आली. बागवान होते, मस्टर घेऊन टाइमकीपर धोत्रे होते. एसी सुरू, पडदे घट्ट ओढलेले.

"कुठाय तुझा कामगार?" शेठजींनी विचारलं.

"बाहेर ताटकळलाय. तुम्ही आत घेत नाही!"

नरसम्मानं सर्रकन पडदा बाजूला सारला. ऊन थेट टेबलावर उतरलं. तिनं मस्टर उघडलं, रिकाम्या रकान्यावर भिंग धरलं. उन्हाचा ठिपका बारीक होत गेला. कागद तपकिरी झाला, धुराची एक रेघ निघाली आणि रकान्यात गोल काळा डाग उमटला.

"घ्या! शाळेत गेलेला नाही, म्हणून अंगठा उठवलाय!"

"हा अंगठा तुझा! भिंग तू धरलंस!" शेठजी ओरडले.

"धोत्रेसाहेब म्हाताऱ्या कामगारांचा हात धरून अंगठा उठवतात. तो अंगठा धोत्रेसाहेबांचा होतो का?"

धोत्र्यांनी मान खाली घालून हसू लपवलं. शेठजी सहज हार मानणारे नव्हते.

"पण हा रात्री पळून जातो!"

"दिवसपाळीचा माणूस रात्री घरी जाणारच की! रात्रपाळीला तुमची नेहमीची वीज आहेच."

"बरं, आठवड्याची सुट्टी?"

"वार त्याच्या नावाचा, तरी रविवारीसुद्धा कामावर येतो!"

शेठजींनी घड्याळाकडे बोट केलं. "गिरणी आठला सुरू होते. हा साडेबाराला हजर! असा उशिरा येणारा मला नको!"

"उशीर?" नरसम्मा म्हणाली, "शेठजी, तो सकाळपासून तुमच्या छपरावर उभा आहे. पडदा तुम्ही उशिरा उघडलात!"

शेठजींनी वर छताकडे पाहिलं. मग मल्लिनाथशेठ असे खदखदा हसले, की चष्मा टेबलावर पडला!

"बागवान, पाचही छपरं मोजून घ्या! आजच! आणि नरसम्मा, तुला काय हवं ते माग."

"आमच्या वस्तीकडचा जनरेटर आधी हलवा, शेठजी. लेक खोकतेय."

शेठजींचं हसू थांबलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला, जनरेटर हलवायला सांगितलं, लेकीला दाखवायला कंपनीच्या डॉक्टरांना वस्तीत धाडलं. मग धोत्र्यांकडून मस्टर ओढून घेतलं, जळक्या डागापुढे "सूर्य, दिवसपाळी" असं लिहिलं आणि त्याच्या वर, वाढीव पगारासह, ठळक अक्षरांत लिहिलं : "नरसम्मा इराबत्ती, सूर्याची मुकादम."