सात सुयांची गोधडी

"गोधडी शिवताना उठलीस तर सुई तशीच टोचून ठेवू नकोस हो, घरात रांगतं मूल आहे," असं शेजारच्या अंबूताईंनी मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. चारच दिवसांनी बाळाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर सुई चमकली आणि मी झडप घालून त्याला उचललं! बाळाला ओरखडाही नाही, ही आमच्या भानुनाथ महाराजांचीच कृपा. तेव्हा आठवलेली त्यांची ही कथा सांगते.

भानुनाथ महाराज पौषाच्या थंडीत घाटमाथ्यावरच्या सोनवाघोली गावी, महादेवाच्या देवळात उतरले होते. गावात येसूबाई नावाची एक विधवा राहत असे. महाराजांवर तिची अपार श्रद्धा. हातात कसब होतं, पण एक गोधडी पुरी होईल तर शपथ! घरात सात गोधड्या अर्धवट पडलेल्या आणि प्रत्येकीत एक सुई टोचलेली.

अशात लेक तिच्याकडे बाळंत झाली. गावची रीत अशी, की नातवंडाने आजोळाहून निघायचं ते आजीच्या हातच्या गोधडीतच. नाहीतर लेकीला जन्मभर बोल. येसूबाई आठवी गोधडी शिवायच्या विचारात होती, तोच जावई दोन दिवस आधीच गाडी जुंपून हजर!

"दिवस मावळायच्या आत घाट उतरायचाय, मामी."

शेजारची गोदूबाई दर दिवाळीला एक गोधडी हातावेगळी करायची, आणि ते गावाला ऐकवायचीही. ती फिदीफिदी हसली. "अगं येसू, बाळाचा एक पाय या गोधडीत घाल, दुसरा त्या गोधडीत! आज यातून एक जरी पुरी झाली ना, तर मी ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालेन!"

येसूबाई सातही गोधड्यांचं बोचकं घेऊन रडतच देवळात गेली. मागोमाग गंमत बघायला गोदूबाईही गेली.

महाराजांनी पहिल्या सुईवर बोट ठेवलं. "इथे का थांबलीस, माय?"

"सुताराच्या सुनेला कळा लागल्या, महाराज."

"आणि इथे?"

"रामजीबाबा विहिरीपाशी घसरून पडले होते."

अशा सहा सुया झाल्या. सातवीला मात्र येसूबाईने गोदूबाईकडे चोरून पाहिलं. महाराज म्हणाले, "बोल."

"गोदूताई तापात बरळत होत्या. तीन दिवस त्यांच्या उशाशी होते. मग कुठला टाका नि कुठलं काय!"

गोदूबाईचं हसू जागच्या जागी विरलं.

महाराजांनी आपल्या कफनीचा हातभर दोरा उसवून दिला. "एवढ्यात सातही जोड."

काय नवल! कुणाला पाठ होती पण पोट नव्हतं, कुणाला पोट होतं पण काठ नव्हता. एकीवर एक ठेवताच साती मिळून एकच गोधडी दिसू लागली. येसूबाई भराभर टाके घालू लागली आणि हातभर दोरा काही केल्या संपेना! सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकायच्या आत फक्त एक कोपरा उरला.

"थांब," महाराज म्हणाले, "या गोधडीच्या पोटात घास गेला का?"

शेवटचा कोपरा भाकरीचा तुकडा घालूनच शिवायचा, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही, अशी तिथली समजूत. येसूबाईच्या घरी तर सकाळपासून चूल पेटली नव्हती. कुणी काही म्हणायच्या आत गोदूबाई पदर खोचून घराकडे धावली आणि धापा टाकत ताजी भाकरी घेऊन आली. घास आत गेला, शेवटची गाठ बसली आणि दोराही तिथेच संपला!

गोदूबाई महाराजांच्या पायांवर कोसळली. महाराज हसून म्हणाले, "अगं, पाय चुकलीस. धरायचे पाय तिकडे आहेत."

गोदूबाईने येसूबाईपुढे माथा टेकला आणि गोधडी डोक्यावर घ्यायला वळली. तोच महाराज म्हणाले, "आधी सुया मोजा, मग बाळ गुंडाळा!"

सातच्या सात भरल्या. मग गोदूबाई बोलल्याप्रमाणे गोधडी मिरवत गाडीपर्यंत गेली.

तुमच्याही ओळखीत कुणाचं शिवण अर्ध्यावर थांबलं असेल. हसू नका. आजच जाऊन तिला विचारा, "बरी आहेस ना गं?" आणि हो, निघताना तेवढी सुई काढून ठेवा.