टीथसाठी कडबा

"टीथ म्हणजे काय, हे माझ्या राज्यात एकालाही सांगता येऊ नये?" हंबीरराजे गरजले.

उद्या गोरा साहेब येणार होता. "महाराजांसाठी टीथ घेऊन येतो," असं त्याचं पत्र होतं. आता हे टीथ बांधायचे कुठे? राजांनी तबेला झाडून घेतला, गाडीभर कडबाही आणवला!

दुभाषी नारोपंतांना अर्थ ठाऊक होता. पण बोलणार कसे? राजांचा शेवटचा दात पडल्यापासून दरबारात दाताचं नाव घ्यायला आणि दात दाखवायला सक्त बंदी! चुकेल त्याचा एक उपटायचा. सारा दरबार ओठ मिटून हसे.

बारकू भडभुंजा मात्र राजांची स्वारी बघताना तोंडभर हसला आणि पकडला गेला. त्याचे दोनच उरले होते, एक वर, एक खाली.

"राही, यातला एक गेला तर दुसऱ्यानं काय करायचं गं?" तो रडकुंडीला आला.

"गप बसा आबा," लेक म्हणाली. तिनं नारोपंतांना गाठून गावभर गाजलेल्या टीथचा अर्थ कानात विचारून घेतला, भट्टीवरचे फुटाणे ओच्यात घेतले आणि थेट दरबारात गेली.

"टीथचा अर्थ मी सांगते महाराज. आबांना सोडाल?"

"सोडीन. पण चुकलीस तर त्याचे दोन्ही जातील!"

"आधी फुटाणे तर घ्या. गरम आहेत."

खमंग वास सुटला होता. राजांना राहवलं नाही. त्यांनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले. डाव्या गालात फिरवले, उजव्या गालात फिरवले, चोखले, डोळे मिटून दाबले. फुटाणे जसेच्या तसे!

"महाराज, आत्ता कशाची आठवण झाली?"

"दातांची गं, दुसरं काय!"

"साहेब त्यांनाच टीथ म्हणतो!"

राही हळूच म्हणाली, "पण नाव तुम्हीच घेतलंत. आता एक उपटायचा तो कुठून?"

राजांनी आ वासला, आत बोट फिरवलं आणि बोळकं उघडून असे हसले की फुटाणे मंत्र्यांच्या पागोट्यावर!

"बंदी उठली! बारकूचे दोन्ही टीथ शाबूत! आणि पोरी, तो कडबा तू घेऊन जा."

"कडब्याचं मी काय करू महाराज?"

"खरंच की! मग तो खायला दोन दुभत्या म्हशीही ने!"