विनाशिका आणि तिची होडी

फार वर्षांपूर्वी, दोन देशांमध्ये युद्ध पेटलं होतं तेव्हा, ‘अग्निरेखा’ नावाची विनाशिका, म्हणजे वेगवान युद्धनौका, समुद्रात गस्त घालायची. तिच्या कठड्याला एक लहान होडी टांगलेली होती.

एका दुपारी शत्रूच्या पाणबुडीनं अग्निरेखेच्या सोबतचं जहाज बुडवलं. त्यावरचे खलाशी लाटांमधून हात हलवू लागले. होडी कळवळून म्हणाली, “ताई, मला खाली सोड. जमतील तेवढे घेऊन येते.”

“थांबले तर पाणबुडी मलाही बुडवेल,” अग्निरेखा म्हणाली. “माझ्या पोटातही माणसं आहेत. आधी तिला गाठू, मग परत येऊ.”

तिनं पाणबुडीला गाठलं, बुडवलंही. पण ती परतली तेव्हा पाण्यावर कुणीच उरलं नव्हतं. होडीनं तिच्याशी बोलणं टाकलं.

युद्ध जिंकल्यावर अग्निरेखेला लोकांना पाहता यावं म्हणून बंदरात कायमचं बांधून ठेवलं. माणसं तिच्या तोफांशेजारी उभी राहून फोटो काढत. एकदा त्या बुडालेल्या जहाजावरच्या एका खलाशाची बायको, वैजयंतीबाई, काठी टेकत आली. ती तोफांपाशी थांबलीच नाही, थेट होडीजवळ गेली.

“हिच्यात किती जण मावतात हो?” तिनं रखवालदाराला विचारलं.

“वीसेक सहज मावतील, आजी.”

म्हातारी होडीवरून हात फिरवत राहिली. हिनं आपल्याला दोन शब्द रागानं बोलावेत, असं अग्निरेखेला वाटलं. पण म्हातारी होडीला हळूच म्हणाली, “तुझा काय दोष गं?”

“ताईचाही नव्हता,” होडी म्हणाली.

ते ऐकून अग्निरेखेला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.