करवतबाईंचे दात

सुताराची हत्यारं माणसाच्या हाती येण्याआधी आपापलीच कामाला जायची, त्या काळची ही गोष्ट.

एकदा अस्वलीणबाई त्यांच्याकडे आल्या. "मला झोपाळा हवाय. माझ्या वजनानं मोडता कामा नये हं!"

"मग लांब, अखंड फळी लागणार," करवतबाई म्हणाल्या. "टेकडीवरचं म्हातारं शिसवाचं झाड पाडू." बाईंचा शब्द शेवटचा. आधीच्या कामांतून उरलेले तुकडे चुलीत घालायचे, ही रीतही त्यांचीच.

सरसाची वाटी म्हणाली, "बाई, ते तुकडेच जोडून बघू का?" टोकाला टोक चिकटवून तिनं फळी केली आणि दोन दगडांवर ठेवली. अस्वलीणबाई टेकल्या मात्र, कडाड! त्या धप्पकन खाली.

करवतबाई सगळे दात दाखवून खो खो हसल्या. वाटी त्या दातांकडे बघतच राहिली.

"बाई, असेच दात तुकड्यांच्या टोकांना पाडून द्याल? दातात दात बसवून चिकटवते."

आपल्या दातांचं कौतुक कुणाला नको? बाईंनी भराभर दात पाडले, वाटीनं सरस लावला. वाळल्यावर अस्वलीणबाई बसल्या, त्यांची पिल्लं बसली, रंधाही चढला. फळी हूं की चूं करेना!

"चला, टांगा आता!" अस्वलीणबाई म्हणाल्या.

एवढा भार पेलणारी फांदी साऱ्या रानात एकाच झाडाला होती. सगळ्यांनी टेकडीकडे पाहिलं, मग करवतबाईंकडे.

"बघता काय? दोर आणा!" बाई म्हणाल्या. "पहिला झोका माझा!"

"ये की गं," शिसव वरून हसलं. "फक्त दात आवरून बस."