कोणाचीच हरकत नसलेली जागा

एका जंगलात पुष्कळ प्राणी राहत असत आणि मुलांनो, ते सगळे शेण टाकत असत. गोष्टींच्या पुस्तकांत ही बाब कोणी लिहीत नाही. सिंह गर्जना करतो, ससा पळतो, मोर नाचतो आणि खाल्लेल्याचे पुढे काय होते याबद्दल सगळे लेखक मूग गिळून बसतात. मी बसणार नाही, कारण ही गोष्ट त्याचीच आहे. ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी ते आताच मुरडून घ्यावे.

एरवी जंगलात याचा कोणाला त्रास नसतो. जंगल मोठे असते. ज्याचे शेण जिथे पडते तिथे किडे येतात, पाला पडतो, हळूहळू त्याची माती होते. पण त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. दूरदूरची डबकी आटली आणि डोंगराच्या अलीकडे पायथ्याचा एकच पाणवठा उरला. मग काय, सगळे जंगल तिथे मुक्कामाला आले. गव्यांचा कळप आला, रानडुक्कर आला, वानर आला, मोर आला, कोल्हा आला. पाणी प्यायचे तिथे, बसायचे तिथे आणि बाकीचेही सगळे तिथेच. काठावर पाय ठेवायला स्वच्छ जागा राहिली नाही. पाणी हिरवट झाले आणि त्यावर फेस दिसू लागला.

तिथे एक नीलगाय होती. तिचे वासरू अगदी लहान होते आणि ते पाणी पिऊन त्याचे पोट बिघडले. ते खंगत चालले. दुसरा पाणवठा डोंगरापलीकडे होता. मोठे जनावर दिवसभर चालून तिथे पोहोचले असते, पण या वासराचे पाय उभे राहतानाच लटपटत. त्याला जगवायचे तर इथले पाणी स्वच्छ व्हायला हवे होते, दुसरा मार्गच नव्हता. आणि नीलगाईंची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. त्या वाटेल तिथे शेण टाकत नाहीत, एका ठरलेल्या जागी जाऊन टाकतात. त्यामुळे तिला बाकीच्यांचा आधीपासूनच वैताग आला होता. वासरू आजारी पडल्यावर तो वैताग तिच्या डोक्यात गेला.

"सभा बोलवा," ती कोल्ह्याला म्हणाली.

कोल्ह्याने लगेच बोलावली. त्याला सभा फार आवडत, कारण सभेत उंच दगडावर बसायला मिळे.

नीलगाय उभी राहिली आणि सरळ मुद्द्यावर आली. "एक मोठा खड्डा करू. सगळ्यांनी तिथंच जायचं. शेणाचा थर, त्यावर पाल्याचा थर, त्यावर मातीचा. पुढच्या वर्षापर्यंत त्याचं काळं भुसभुशीत खत होईल. ते माळावर पसरलं की गवत चांगलं येईल. पाणीही स्वच्छ राहील आणि चाराही वाढेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गवे म्हणाले, उत्तम. मोर म्हणाला, फारच छान. इथपर्यंत दृष्ट लागावी असे चालले होते. मग कोल्हा म्हणाला, "आता जागा ठरवू या," आणि सगळी गाडी तिथेच रुतली.

नीलगाईने पूर्वेकडचा उंचवटा सुचवला. जागा खरोखर चांगली होती. पाण्यापासून लांब, जमीन टणक, आणि उताराचे तोंड पलीकडच्या बाजूला.

"तिथं मी नाचतो," मोर म्हणाला.

"आता कुठं नाचतोस? उन्हाळा आहे."

"पुढं नाचायचंय ना. पिसाऱ्याला वास लागला तर एकही लांडोर फिरकायची नाही. खड्डा हवाच हो, माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त तिथं नको."

बरे, मग पश्चिमेकडचे बाभळीचे रान. त्यावर वानर म्हणाला, "वारा तिकडूनच येतो. सगळा वास आमच्या झाडावर येईल." हे त्याचे बोलणे बरोबर होते. अशी जागा निवडताना वारा पाहावाच लागतो. पण पुढच्या सभेत वाऱ्याच्या उलट बाजूची जागा सुचवली तेव्हा हाच वानर म्हणाला, "वारा काय, कधीही फिरतो." आता अशा वानराला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

मग दक्षिणेकडचा माळ निघाला. रानडुक्कर म्हणाला, "तिथली जमीन फार कठीण. खणायचं माझ्या नाकानं आहे, तुमच्या नाही." उत्तरेकडची सपाटी निघाली. गव्यांचा म्होरक्या संकोचून म्हणाला, "ताई, लांब पडतं हो. तिथं पोहोचेपर्यंत आम्हाला दम धरवत नाही."

प्रत्येक सभेनंतर कोल्हा म्हणे, "घाई नको. आधी जागेची पाहणी करू." की निघाली सगळी वरात पाहणीला. जागेवर जायचे, वास घ्यायचा, खुराने जमीन उकरायची, गंभीर चेहऱ्याने एकमेकांकडे पाहायचे. मग तहानलेले सगळे परत येत, पाणी पीत आणि तिथेच काठावर शेपटी वर करून उभे राहत. ज्या घाणीचा बंदोबस्त करायला निघाले होते तीच घाण पाहणीमुळे वाढत होती आणि हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हते. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी राग येतो.

नीलगाईला तर किती आला असेल. ती सभेत उभी असे आणि तिची नजर लांब सावलीत निजलेल्या वासराकडे असे. हळूहळू ते मान उचलायचेही थांबले.

शेवटी एका सभेत रानडुक्कर जांभई देत म्हणाला, "एवढं कशाला? तो ओढा कोरडाच पडलाय. त्याच्या वळणावर चांगला खोल खड्डा आयता तयार आहे. खणायलाही नको."

कोल्ह्याने विचारले, "कोणाची हरकत?"

कोणी काही बोलेना. मोर ओढ्यात नाचत नव्हता. वानराचे झाड तिथे नव्हते. गव्यांना जागा जवळ पडत होती. कोल्ह्याने पुन्हा एकदा विचारले, कारण त्याला अशा शांततेची सवय नव्हती. मग तो म्हणाला, "तरीपण एकदा पाहणी..."

"आता पुरे," नीलगाय म्हणाली. "पाहणी नको, सभा नको, काही नको. कोणाचीच हरकत नसलेली एक जागा सापडलीये. माझं वासरू मरायला टेकलंय. आजच काम सुरू करा."

आणि सभा संपली.

आता तुमच्यातले हुशार लगेच हात वर करतील. हा ओढा डोंगरावरून येतो आणि थेट याच पाणवठ्यात उतरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते का? होते की. सगळ्यांना होते. दर वर्षी तोच ओढा हा पाणवठा भरत असे, हे तिथल्या बेडकालाही माहीत होते. पाला पसरताना वानराच्या मनात ते येऊन गेले, पण त्याला वाटले, आता बोललो तर पुन्हा सभा बसेल. रानडुकराला वाटले, बोललो तर खणावे लागेल. कोल्ह्याला वाटले, मला मघाशी बोलू दिले नाही ना, मग मी कशाला बोलू. नीलगाय स्वतः त्या पात्रात उभी होती. तिच्या खुरांखाली गुळगुळीत गोटे होते आणि गोटे कशाने गुळगुळीत होतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. क्षणभर ती थबकलीसुद्धा. पण पुन्हा तो मोर, पुन्हा तो वानर, पुन्हा ती वरात. तिने तो विचार झटकून टाकला.

काम मात्र चोख झाले, हे कबूल करायला हवे. पाणवठ्याच्या काठावरची सगळी घाण रानडुकराने नाकाने लोटत नेली. थरावर थर बसले. पाला कमी पडला तर वानर झाड हलवून आणखी पाडत असे. गवेसुद्धा शहाण्यासारखे तिथे जाऊ लागले. मोर तर येणाऱ्याजाणाऱ्याला खड्डा असा दाखवी की जणू त्यानेच तो केला. काही दिवसांनी पाण्यावरचा फेस गेला, मग हिरवट रंग गेला, आणि एका सकाळी नीलगाईला पाण्याचा तळ दिसला. वासराचे पोट सावरले. ते उभे राहू लागले, मग दुडकू लागले, मग आईच्या पोटाखालून आरपार पळू लागले. नीलगाय इतकी सुखावली की तिने मोराचेही कौतुक केले.

आणि मग लांब डोंगरावर वळीव कोसळला. इथे एक थेंबही पडला नाही, आभाळ निळे होते. दुपारी सगळे सावलीत बसले असताना वरून घरंगळणाऱ्या दगडांचा आवाज येऊ लागला. सगळ्यांनी कान टवकारले. आवाज कसला आहे हे सगळ्यांना त्याच क्षणी कळले आणि कोणीही कोणाकडे पाहिले नाही.

ओढा आला. वळणावरच्या खड्ड्यात शिरला, शेण, पाला, माती, सगळे थर त्याने उचलले आणि पाणवठ्यात आणून ओतले. थोडेथोडके नाही, इतक्या दिवसांचे, इतक्या जनावरांचे, एकदम. पाणवठा काठोकाठ भरला. उन्हाळ्यात तो इतका भरलेला कोणी पाहिला नव्हता. आणि त्यातला एक घोटही पिण्यासारखा नव्हता.

वासराला यातले काय कळणार? तहान लागली आणि समोर पाणी होते, ते धावत गेले. नीलगाईने आडवी होऊन त्याला डोक्याने मागे ढकलले. त्याला वाटले, खेळ चाललाय. ते दुसऱ्या बाजूने गेले. तिने पुन्हा ढकलले. मग ते रडवेले होऊन गेले, मग गयावया करत गेले, आणि दर वेळी ती त्याला ढुशी देत राहिली. शेवटी तिने इतक्या जोरात ढुशी दिली की ते पडले आणि पडल्या जागीच तिच्याकडे बघत राहिले. ज्या वासरासाठी तिने स्वच्छ पाण्याचा एवढा हट्ट धरला, त्यालाच ती भरल्या पाण्यावरून हाकलत होती.

कोल्हा जवळ आला आणि घसा खाकरून म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी म्हणणारच होतो. पाहणी करू, असं म्हणालोसुद्धा."

"ओढ्यातून पाणी येतं, असं म्हणाला होतास का?"

"तुम्ही 'पुरे' म्हणालात ना."

"हो, म्हणाले," नीलगाय म्हणाली. "आणि तू गप्प बसलास. चल, बाजूला हो. आम्हाला लांब जायचंय."

सगळे डोंगरापलीकडे निघाले. मोराने वानराला दोष दिला, वानराने डुकराला, डुकराने सभेला. नीलगाय कोणाशी बोलली नाही. वासरू खाली बसले की ती त्याला डोक्याने उठवायची, दोन पावले चालवायची, पुन्हा उठवायची. बाकीचे केव्हाच पुढे निघून गेले. पलीकडच्या पाण्यावर ती दोघे पोहोचली तेव्हा तिसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. पाणी वाहते होते, स्वच्छ होते, तळाची वाळू दिसत होती.

वासरू पाण्यापर्यंत गेले आणि काठावर थांबले. त्याची जीभ कोरडी पडली होती. ते पाण्याकडे पाही आणि आईच्या डोक्याकडे पाही.

"पी रे," नीलगाय म्हणाली. "हे चांगलं आहे. पी."

त्याने एक पाऊल मागे घेतले. ती जवळ सरकली तसे ते आणखी मागे सरले आणि ढुशी बसणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

शेवटी ती स्वतः पाण्यात उतरली, वासराकडे पाठ केली आणि मान खाली घालून पिऊ लागली. मागे वळून पाहायची तिची हिंमत होईना. पुष्कळ वेळाने तिच्या बाजूला बारीकसा लपलप आवाज आला. तेव्हा तिला रडू आले.

तात्पर्य : ज्या जागेला कोणाचीच हरकत नसते, तिथे पाण्याची हरकत आहे का, हे आधी विचारावे. विचारून विचारून सगळे कंटाळले असतील आणि आपण स्वतः सगळ्यांत जास्त कंटाळलो असू, तेव्हा तर नक्कीच विचारावे.